कुपीला कुलूप, दुकान मोकळे

एखादे औषध समाजात कोणासाठी आहे हे त्याच्या रासायनिक सूत्रावरून ठरत नसते, ते समाजाच्या मालकीहक्कांवरून ठरते. केटामाइनची कहाणी हे याचे ठळक उदाहरण आहे. १९६२ साली अमेरिकेतील पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करणारे रसायनशास्त्रज्ञ कॅल्विन स्टीव्हन्स यांनी हे द्रव्य तयार केले. १९६४ साली ते माणसावर प्रथम वापरले गेले, आणि ज्यांच्यावर वापरले गेले ते मिशिगन राज्यातील तुरुंगातले कैदी होते. १९७० मध्ये त्याला परवाना मिळाला आणि व्हिएतनामच्या रणभूमीवर जखमी सैनिकांना भूल देण्यासाठी ते वापरात आले. पुढे जगभरच्या गरीब देशांतील ग्रामीण रुग्णालयांनी ते आपलेसे केले. कारण उघड होते. या औषधाने श्वास सहसा मंदावत नाही, रक्तदाब कोसळत नाही, आणि महागडे यंत्र नसलेल्या ठिकाणीही बाळंतिणीचे पोट उघडता येते किंवा मोडलेले हाड बसवता येते. १९८५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याला स्थान आहे. भारताच्या राष्ट्रीय यादीतही ते आहे.

आज याच औषधाचे दुसरे रूप महानगरांत दिसू लागले आहे. इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर ते शिरेवाटे थोड्या मात्रेत दिले, तर काही तासांतच रुग्णाच्या मनावरचे मळभ दूर होऊ शकते, असे २००० साली येल विद्यापीठातील मोजक्या रुग्णांवरील अभ्यासाने सुचवले. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या अभ्यासाने त्याला दुजोरा दिला. नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला आठवडे लागतात. म्हणून जो रुग्ण आत्महत्येच्या विचाराशी झुंजतो आहे, त्याच्यासाठी या शोधाचे मोल लहान नाही. समाजवादी विचाराच्या माणसाने याकडे ‘श्रीमंतांचे फॅड’ म्हणून नाक मुरडणे ही चूक ठरेल. रोग फॅड नाही, आणि औषधही फॅड नाही. प्रश्न आहे तो या दोहोंच्या मध्ये उभ्या राहिलेल्या दुकानाचा.

हे दुकान रुग्णाला एक उपदेश करते. ‘उपचाराला येण्यापूर्वी पूर्वतयारी करा’, असा तो उपदेश. सोबत सूचनांची एक यादी हातात ठेवली जाते. त्या सूचना खोट्या नाहीत, उलट बव्हंशी योग्यच आहेत. त्यामुळे त्या नीट समजून घेणे हे प्रत्येक कार्यकर्त्याचे काम आहे. मात्र त्या कोणाला उद्देशून आहेत आणि कोणाची जबाबदारी कोणाच्या गळ्यात घालीत आहेत, हेही तितकेच नीट समजून घेतले पाहिजे.

पहिली तयारी निदानाची. केटामाइन हे नैराश्यावरचे पहिले औषध नव्हे. किमान दोन वेगवेगळी औषधे योग्य मात्रेत आणि पुरेसा काळ घेऊनही गुण आला नाही, तरच मानसोपचारतज्ज्ञ त्याचा विचार करतो. आधी कोणती औषधे घेतली, किती दिवस घेतली, का सोडली, समुपदेशन मिळाले की नाही, याची नोंद रुग्णाजवळ हवी. दुसरी तयारी शरीराच्या तपासणीची. या औषधाने रक्तदाब आणि नाडी काही काळ वाढते. म्हणून ज्याचा रक्तदाब ताब्यात नाही, ज्याला नुकताच हृदयविकाराचा वा पक्षाघाताचा झटका येऊन गेला, ज्याच्या रक्तवाहिनीला फुगवटा आहे, त्याला ते देणे धोक्याचे. भ्रम-भास होणारा आजार, उन्मादाची अवस्था, गर्भारपण, यकृताचा गंभीर विकार, दारूचे वा अन्य व्यसन, या गोष्टी डॉक्टरपासून लपवल्या तर औषधच विष होऊ शकते. तिसरी तयारी चालू औषधांची. रक्तदाबाच्या, झोपेच्या, फिटच्या, मनाच्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवायची. काहींमुळे केटामाइनचा परिणाम कमी होतो, काहींबरोबर ते घेणे धोक्याचे असते. पण कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. दारू तर वर्ज्यच.

चौथी तयारी प्रत्यक्ष उपचाराच्या दिवसाची. सांगितलेले तास पोट रिकामे ठेवायचे, कारण उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतते. सोबत जाणते माणूस आणायचे. नेहमीची मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम असते आणि ती साधारण ४० मिनिटांत शिरेतून दिली जाते. त्या वेळी मन देहापासून सुटल्यासारखे वाटते, काळाचे भान जाते, आजूबाजूच्या वस्तूंचे आकार बदलल्यासारखे दिसतात. कित्येक रुग्ण यामुळे घाबरतात. हे होणार आहे आणि ते तासा-दोन तासांत ओसरणार आहे, हे आधी शांतपणे समजावून सांगितलेले असेल तर भीती निम्म्याने कमी होते. त्यानंतर रुग्णाला देखरेखीखाली ठेवायचे. याच औषधाच्या एका घटकापासून केलेल्या नाकातील फवाऱ्याला अमेरिकेने मार्च २०१९ मध्ये परवाना दिला, तेव्हा अट घातली की मात्रेनंतर किमान दोन तास रुग्ण दवाखान्यातच राहील आणि रात्रीची शांत झोप होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत वाहन चालवणार नाही.

आणि पाचवी तयारी, जी यादीत बहुधा नसते, ती दवाखान्याची स्वतःची. खोलीत प्राणवायू आहे का? रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू सतत मोजण्याची सोय आहे का? घशातील स्राव ओढून घेण्याचे यंत्र आहे का? श्वास अडखळला तर तो सावरण्याचे शिक्षण घेतलेला भूलतज्ज्ञ हाताशी आहे, की एक परिचारिका आणि भिंतीवर एक सुंदर निसर्गचित्र? मानसोपचारतज्ज्ञाने रुग्ण तपासला आहे, की दूरध्वनीवरच्या चार प्रश्नांवर भागवले आहे? एका मात्रेचा गुण बहुधा काही दिवसांत, फार तर आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो. तो ओसरल्यावर रुग्णाचे कोण बघणार, त्याच्या मनात पुन्हा मरणाचे विचार आले तर रात्री फोन कोण उचलणार? दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेत घेतल्यास हे द्रव्य मूत्राशयाला इजा करते आणि त्याचे व्यसनही लागते. त्यावर लक्ष कोण ठेवणार? या प्रश्नांची उत्तरे रुग्णाने विचारून घ्यावीत असे म्हणणे सोपे आहे. पण ज्याला अंथरुणातून उठण्याचे बळ नाही अशा माणसाने दवाखान्याची तपासणी करावी, ही अपेक्षाच मुळात क्रूर आहे. दुधातील भेसळ ग्राहकाने घरी परीक्षानळी आणून शोधावी असे कोणी म्हणत नाही. त्यासाठी सरकारी निरीक्षक असतो.

आता ही यादी घेऊन मढला जावे. मालाडच्या पश्चिमेला समुद्रात शिरलेले हे कोळ्यांचे गाव मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. किल्ला आहे, देवळे आहेत, होड्या आहेत, आणि चित्रीकरणाला भाड्याने दिले जाणारे बंगलेही आहेत. वेसावे डोळ्यांसमोर दिसते, तरीने काही मिनिटांत गाठता येते. रस्त्याने जायचे तर आक्सा, मार्वे, मालवणी, मालाड असा मोठा वळसा घालून बसने जावे लागते. येथील पुरुष डोलीच्या होडीवर जातो. बाई मासळी सुकवते, निवडते, पाटी घेऊन बाजार गाठते. दर वर्षी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत घर उधारीवर चालते.

या गावातील एखाद्या बाईला दोन औषधांनी बरे न झालेले नैराश्य आहे असे समजावे. ‘सोबत जाणते माणूस आणा’, म्हणजे घरातील दुसऱ्या कमावत्या माणसाचीही मजुरी बुडवा. ‘दुसऱ्या दिवसापर्यंत वाहन चालवू नका’, ही सूचना मोटार असणाऱ्यासाठी लिहिलेली आहे. तरीतून जेट्टीच्या शेवाळलेल्या पायऱ्या चढायच्या की नाहीत, होडीचे सुकाणू हाती घ्यायचे की नाही, मासळी कापायला विळीवर बसायचे की नाही, याविषयी यादी गप्प आहे. ‘आधीच्या उपचारांची नोंद आणा’. नोंद कोठली? जिथे रक्तदाब कोणी नियमित मोजलेला नाही तिथे तो ताब्यात आहे हे कशावरून सांगायचे? आणि असे उपचार एकदा करून भागत नाही. दोन ते चार आठवड्यांत सहा-आठ वेळा आणि नंतरही अधूनमधून यावे लागते. म्हणजे ही पूर्वतयारी एका दिवसाची नसते, ती एका वर्गाची असते. ज्याच्यापाशी रजा, वाहन, शिक्षित नातेवाईक आणि कुटुंबाचा डॉक्टर आहे, त्याची तयारी जन्मतःच झालेली असते. इतरांसाठी ती समाजाने करायची असते, आणि ती न करता हातात यादी ठेवणे ही सुरक्षितता नव्हे, तो हात झटकण्याचा प्रकार आहे.

या मुद्द्यावर बाजारवाद्यांचे उत्तर ठरलेले आहे. नवे तंत्र आधी श्रीमंतांना मिळते, मग स्वस्त होऊन गरिबांपर्यंत झिरपते, असे ते सांगतात. केटामाइनने हे उत्तर उताणे पाडले आहे, कारण येथे प्रवास नेमका उलटा झाला. औषध स्वस्तच होते. त्याचे पेटंट कधीच संपले होते. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर फक्त ते करण्याच्या पद्धतीवर पेटंट देण्याचे धोरण घेतले, आणि त्यामुळे असंख्य औषधे आपल्या कारखान्यांत अल्प किमतीत होऊ लागली. १९७५ च्या हाथी समितीने औषधउद्योगाकडे सामाजिक गरजेच्या दृष्टीने पाहण्याचा आग्रह धरला होता. त्या परंपरेचे फळ म्हणजे अत्यावश्यक औषधांवरील किंमत-नियंत्रण, आणि २०१३ च्या आदेशाने त्याची धार बोथट केली असली तरी केटामाइनच्या कुपीची कमाल किंमत आजही सरकार ठरवते. मग महाग झाले ते काय? महाग झाली ती खोली, ती खाट, ती आरामखुर्ची आणि तो ‘अनुभव’.

औषधकंपन्यांचे गणित याहूनही बोलके आहे. स्वस्त, पेटंटमुक्त केटामाइनवर मोठ्या चाचण्या करून नैराश्यासाठी परवाना मिळवण्यात कोणत्याच कंपनीला नफा नव्हता. म्हणून त्याच रेणूचा अर्धा भाग वेगळा काढला गेला, नाकात फवारण्याचे साधन जोडले गेले आणि २०१९ मध्ये अमेरिकेत एका वेळच्या मात्रेची जाहीर किंमत ५९० ते ८८५ डॉलर लावली गेली. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये हा फवारा स्वीकारण्याची शिफारस केली नाही; परिणामाचे आणि खर्चाचे हिशेब तिला खात्रीचे वाटले नाहीत. दुसरीकडे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०३ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत साध्या केटामाइनची तुलना विद्युत-उपचाराशी केली गेली, तेव्हा केटामाइन मागे पडले नाही. ५५ टक्के रुग्णांना त्याचा गुण आला, विद्युत-उपचाराचा ४१ टक्क्यांना. उलट २०२५ मध्ये आयर्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णालयात दाखल असलेल्यांना केटामाइनचा दुसऱ्या एका गुंगीच्या औषधाहून अधिक लाभ दिसला नाही. म्हणजे शास्त्राचा निवाडा अजून पुरता लागलेला नाही. निवाडा लागण्यापूर्वी पावती फाडणे हे केवळ व्यापाऱ्यालाच जमते.

यावर दुसऱ्या टोकाचे उत्तर येते ते पोलिसी मनोवृत्तीच्या लोकांकडून. हे नशेचे द्रव्य आहे, त्याला कुलूप घाला, असे ते म्हणतात. कुलूप घातलेलेच आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये ते अंमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याच्या कक्षेत आले. डिसेंबर २०१३ मध्ये ते औषधविषयक नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीत गेले. म्हणजे विक्रेत्याला वेगळा परवाना, दुहेरी चिठ्ठी, दोन वर्षे जपलेली प्रत, कुलपातली साठवण. त्याच डिसेंबरात महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून हजार किलोहून अधिक केटामाइन जप्त केले. हजार किलो म्हणजे काय? ते एखाद्या खेड्यातील शस्त्रक्रियागृहाच्या कपाटातून चोरलेले असू शकत नाही. गळती कारखान्याच्या दाराशी होती आणि कडी घातली गेली ती खेड्यातील कपाटाला. हाच प्रकार जगाच्या पातळीवर होऊ घातला होता. २०१५ मध्ये चीनने या द्रव्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंधांचा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे आणला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला विरोध केला, कारण तसे झाल्यास गरीब देशांतील कोट्यवधी लोकांना शस्त्रक्रियेच्या वेळी भूलच मिळाली नसती.

तेव्हा कुपीला कुलूप आहे. दुकानाला आहे काय? आरोग्यसंस्थांच्या नोंदणीचा २०१० चा केंद्रीय कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. येथे चालतो तो १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा, आणि तो रुग्णाला ठेवून घेणाऱ्या संस्थांचा विचार करून लिहिलेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही नोंदणीची सक्ती मुख्यतः मनोरुग्णांना दाखल करून वा ठेवून घेणाऱ्या आस्थापनांसाठी आहे. सकाळी यावे, खुर्चीत बसून औषध घ्यावे आणि दुपारी घरी जावे, अशा दवाखान्यापाशी ‘आम्ही कोणालाच दाखल करीत नाही’ हे उत्तर तयार असते. भूल देण्याचा परवाना असलेले औषध नैराश्यासाठी वापरणे हे वैद्यकीय विवेकाच्या मर्यादेत बसते, पण विवेकाला नोंदवही नसेल तर तो विवेक आहे की व्यवहार, हे कळणार कसे? अमेरिकेत काय घडले ते जगाने पाहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील औषध प्रशासनाला घरपोच मिळणाऱ्या केटामाइनबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला, आणि त्याच महिन्यात मॅथ्यू पेरी या विख्यात नटाचा लॉस एंजेलिसमध्ये या द्रव्याच्या तीव्र परिणामाने मृत्यू झाला. तो दवाखान्यात देखरेखीखालील उपचार घेत होता. जीव घेतला तो देखरेखीबाहेर मिळालेल्या केटामाइनने. त्या प्रकरणी पुढे गुन्हा कबूल करणाऱ्यांत दोन डॉक्टर होते. पैशाची वाण नसलेल्या माणसाचीही जेथे ही गत, तेथे सुरक्षितता रुग्णाच्या शहाणपणावर सोपवता येत नाही हे वेगळे सांगायला नको.

कोणी म्हणेल, जेथे साध्या गोळ्या पोहोचत नाहीत तेथे केटामाइनची चर्चा कशाला? आक्षेप गंभीर आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य असलेल्या दर १०० जणांपैकी ८५ जण उपचारावाचून होते. ज्या १२ राज्यांत हे सर्वेक्षण झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा, आणि तरीही केंद्राच्या आरोग्यखर्चात मनाच्या आजारांचा वाटा एक टक्क्याच्या आसपासच घुटमळतो. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानस क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहे आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असला पाहिजे. पण दूरध्वनीच्या टोकाला रक्तदाब मोजता येत नाही. म्हणून पहिली मागणी केटामाइनची नाही. महापालिकेच्या दवाखान्यात नैराश्याची साधी औषधे अखंड मिळावीत, तेथे समुपदेशक असावा, रक्तदाब मोजून त्याची नोंद रुग्णाच्या कागदावर लिहिली जावी, ही पहिली मागणी आहे. गंमत अशी, की पूर्वतयारीच्या यादीतील निम्म्या बाबी एवढ्यानेच पुऱ्या होतात.

पण पहिली मागणी केली म्हणून दुसरी सोडायची नसते. गरिबाला गोळी आणि श्रीमंताला शिरेतले औषध, अशी वाटणी मान्य करणे म्हणजे विषमतेला आरोग्यशास्त्राचा मुलामा देणे होय. मढच्या माणसाला तर आणि पुढे बस पकडून महापालिकेच्या कूपर रुग्णालयापर्यंत जाता येते. तेथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. भूलतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, प्राणवायू आणि खाट हे चारही ज्या छताखाली असतात, ते छत मुंबईत सार्वजनिक वैद्यकीय महाविद्यालयांचेच आहे. हा उपचार द्यायचा असेल तर त्याची जागा हीच. तेथे आठवड्याचा एक दिवस ठरवावा. प्रत्येक रुग्णाची मात्रा, रक्तदाब, परिणाम आणि तीन महिन्यांनंतरची स्थिती एका सामायिक नोंदवहीत यावी. संमतीपत्र स्वच्छ मराठीत असावे आणि हा वापर परवान्याबाहेरचा आहे, गुण टिकेलच असे नाही, हे त्यात लिहिलेले असावे. सोबत्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई व्हावी. पेटंटमुक्त औषधावर कंपनी चाचणी करीत नसेल, तर सार्वजनिक पैशातून ती भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने करावी. खासगी दवाखान्यांना मज्जाव करण्याची गरज नाही. पण वेगळी नोंदणी, भूलतज्ज्ञाची सक्ती, दराचा फलक आणि त्याच नोंदवहीत नोंद, या चार अटींवाचून कोणालाही कुपी मिळता कामा नये. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा देण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याच्या २१ व्या कलमात आहेच. ते कागदावरून खाली उतरवावे.

उत्तर मुंबईतील कार्यकर्त्यांना हा मार्ग अपरिचित नाही. नळाला पाणी नाही ही घराघरातील बाईची खासगी अडचण समजली जात होती, तेव्हा मृणाल गोरे यांनी तो सार्वजनिक प्रश्न केला. मनाचा आजार आज त्याच टप्प्यावर आहे. तो घरात दडवला जातो, देवऋष्याकडे नेला जातो, दारूत बुडवला जातो, आणि ज्याला परवडते तो अंधेरीच्या वातानुकूलित खोलीत नेतो. त्याला चव्हाट्यावर आणायचे म्हणजे रुग्णाला चव्हाट्यावर आणायचे नव्हे, व्यवस्थेला आणायचे. म्हणून विभागातील प्रत्येक शाखेने आपल्या दवाखान्यात जाऊन तीन प्रश्न विचारावेत: नैराश्याचे औषध गेल्या तीन महिन्यांत किती दिवस संपलेले होते, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतो, आणि रुग्णाला पुढे पाठवायचे तर नेमके कोठे पाठवतात. उत्तरे लेखी घ्यावीत आणि ती घेऊन प्रभाग कार्यालयात जावे. उपचाराची पूर्वतयारी तेथून सुरू होते.